बनसोडे बाईंची ‘घरचं मत’ वही

बनसोडे बाई शिक्षकखोलीत शिरायच्या त्या हेल्मेटसकट. विश्रांतवाडीहून कोथरूडला स्कूटरवर यायचं म्हणजे अख्खं पुणं ओलांडायचं. तेवढ्या वेळात त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजलेलं असे, आणि ते हेल्मेट काढेपर्यंत थांबायला तयार नसे. काचेआडून आवाज यायचा, "सर, एक माणूस रोज एकाच झाडाखाली जाऊन उभा राहतो आणि घरी कुणाला सांगत नाही. का सांगत नसेल?"

मी गणिताचा मास्तर. सकाळच्या पहिल्या तासाआधी माझ्यासमोर प्रमेयांच्या वह्यांचा ढीग असे, आणि त्यातल्या निम्म्या वह्यांत त्रिकोणाला चार कोन असत. मी मान वर न करता म्हणे, "झाडाला विचारा."

"झाडाला विचारून झालं. आता तुम्हाला विचारतेय."

"मला मत नाही."

"असं कसं? मत नसलेला माणूस मी अजून बघितला नाही. कुणी विचारलेलं नसतं, एवढंच."

हा संवाद अकरा वर्षं चालला. झाडाच्या जागी कधी सासू यायची, कधी बैल, कधी युद्धावरून परत आलेला शिपाई. माझं उत्तर मात्र तेच. मराठी हा विषय मुलांची टक्केवारी वर ओढण्यासाठी शाळेत ठेवला आहे, असा माझा तेव्हा प्रामाणिक समज होता. तो मी बाईंना बोलून दाखवला नाही, कारण त्यांनी त्यावरही मुलांकडून मतं मागवली असती.

बाईंची एक खोड मात्र ध्यानात ठेवा. त्या बोलायच्या हेल्मेट घालून, पण समोरचा बोलायला लागला की ते काढून टेबलावर ठेवत. कान मोकळे करत. हेल्मेट टेबलावर आलं की आम्ही ओळखायचो, आता सुटका नाही.

बाईंच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाकडे एक शंभर पानी वही असे. तिच्यावर विषय लिहायचा नाही, ‘घरचं मत’ एवढंच लिहायचं. नियम सोपा होता. वर्गात कविता किंवा धडा झाला की त्या संध्याकाळी तो घरी कुणालातरी मोठ्याने वाचून दाखवायचा. आई, आजोबा, पोळ्यांच्या मावशी, वॉचमन, कुणीही चालेल. आणि ते जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवायचं. शुद्धलेखन सुधारायचं नाही, शहाणपण वाढवायचं नाही. "सही नको, मत हवं," असं त्या पालकसभेत सांगायच्या. सही करायलाच आलेल्या पालकांची त्यावर पंचाईत व्हायची.

त्या वह्या शिक्षकखोलीत आल्या की बाई एकट्या वाचू शकत नसत. मला ऐकवत. एका आजोबांनी म्हटलं होतं, "चाल लावा. अशी कोरडी घशाखाली उतरत नाही." पोळ्या लाटणाऱ्या मावशींचं मत होतं, "ह्यातली सून खरी आहे. सासू खोटी. एवढी गोड सासू आम्हाला दाखवा." एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी कळवलं होतं की मत लेखी अर्ज केल्यास लेखी देण्यात येईल. एका मुलाने लिहिलं होतं, "बाबा म्हणाले, आत्ता नको. मी विचारलं, मग काय लिहू? बाबा म्हणाले, लिही, आत्ता नको." त्यावर बाईंनी मोठ्ठी बरोबरची खूण केली होती आणि शेजारी शेरा मारला होता, "प्रामाणिक!"

ईरा नावाच्या मुलीचे वडील आयटीत होते. त्यांचं मत आठवीचं अख्खं वर्ष एकाच शब्दात येई: "नाइस." पावसावरची कविता, नाइस. दुष्काळावरची कविता, तीही नाइस. नववीच्या दिवाळीनंतर एका धड्यावर त्यांनी लिहून पाठवलं, "नाइस. बट शेवट आधीच कळला." बाईंनी त्या आनंदात अख्ख्या शिक्षकखोलीला चहा पाजला. मी विचारलं, यात चहा पाजण्यासारखं काय आहे? त्या म्हणाल्या, "सर, माणूस शेवटापर्यंत ऐकत बसला!"

वर्गात सगळंच काही गोड नव्हतं. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास, अडतीस मुलं, निम्म्यांच्या डोक्यात संध्याकाळचा क्लास, उरलेल्यांच्या डोक्यात मोबाईल. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. बाई एखादी ओळ जीव ओतून म्हणत, क्षणभर शांतता पसरे, आणि त्या शांततेत एक आवाज येई, "बाई, हे परीक्षेला आहे?" मी असतो तर त्या मुलाला वर्गाबाहेर काढलं असतं. बाई म्हणायच्या, "परीक्षेलाही आहे. आधी घरी घेऊन जा." पुढे त्यांनी त्याच मुलाला धड्यातल्या सावकाराचा वकील केलं आणि वर्गात खटला भरवला. पोरगं पंचवीस मिनिटं असं भांडलं की सावकार निर्दोष सुटला आणि बाईंना स्वतःलाच अपील करावं लागलं.

हे मत मागण्याचं खूळ आलं कुठून, हे मी एकदा विचारलं. बाईंनी डबा उघडत सहज सांगितलं, "माझी आई कारखान्यात पॅकिंगला होती सर. सातवी शिकलेली. वडील रविवारी विहारात मुलांना वाचून दाखवायचे, ते सगळ्यांना माहीत. पण आई घरी भाकरी करता करता माझ्याकडून पुस्तकातला धडा वाचून घ्यायची आणि मग त्यावर तासभर बोलायची. काय बोलायची! आणि शाळेनं दहा वर्षांत तिच्याकडे मागितलं काय? सही." मग त्यांनी मला त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी वाढली आणि म्हणाल्या, "कशी झालीय? मत द्या." मी म्हटलं, "तिखट आहे." त्या हसल्या. "बघा, जमतंय तुम्हाला."

आता विहिरीची गोष्ट.

ईराची ती तुकडी बाईंकडे आठवीत आली आणि दहावीपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. दहावीला एका कवयित्रीची लहानशी कविता होती. संध्याकाळी वाकून पाहिलं की विहिरीत सगळं आभाळ उतरलेलं असायचं, ते बघता बघता अंधार पडायचा आणि मी घागर न भरताच घरी जायचे, एवढंच ती सांगते. बाईंनी वर्गात विचारलं, "पाण्याने भरलेली विहीर कुणी कुणी बघितलीय?" अडतीस मुलांपैकी एकीचाच हात वर आला. सायली म्हणाली, "माझ्या मामांची आहे बाई. मांजरी गावात, हडपसरच्या पुढे."

झालं. सहल ठरली. आमच्या मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची. त्यांनी परवानगी दिली, पण अकरा अटींची. चौथी अट अशी की सर्व विद्यार्थी विहिरीच्या कठड्यापासून चार हात अंतरावर, दोरीच्या मागे उभे राहतील. नववी अट अशी की सोबत एक जबाबदार पुरुष शिक्षक असेल. जबाबदार म्हणून माझी निवड झाली. दोरीचं एक टोक माझ्या हातात आणि दुसरं बसच्या क्लीनरच्या.

हडपसर ओलांडून आम्ही पोचेपर्यंत साडेपाच वाजून गेले. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला अर्धवट बांधलेल्या इमारती, आणि मधे सायलीच्या मामांचा मळा. मामा भले गृहस्थ. आल्याआल्या त्यांनी मुलांना उसाचे करवे सोलून दिले. बाईंनी त्यांच्या हातात पुस्तक दिलं. मामांनी कविता एकदा मनात वाचली, मग परत ओठ हलवत वाचली. बाईंनी हेल्मेट घातलेलं नव्हतं, तरी सवयीने केस कानामागे सारले.

मामा म्हणाले, "ह्या बाई कंच्या गावच्या?"

"माहीत नाही. का हो?"

"हिरीत कवा बघितलंया का त्यांनी? सांजच्याला हिरीत काळंकुट्ट असतंय. आभाळबिभाळ काय दिसत न्हाय. मी रोज हितं उभा ऱ्हातो मोटर चालू करायला. पंचवीस वर्सं झाली. ही पोरं हायत की, बघू द्या त्यांस्नी."

मुलांनी दोरीमागून टाचा उंचावून पाहिलं. मीही पाहिलं. खरंच काळं होतं. समोरच्या भिंतीचे ओले दगड, आणि खाली आणखी काळोख. ईरा म्हणाली, "बाई, लिटरली ब्लॅक आहे!" अडतीस वह्यांत मामांचं मत शब्दशः उतरवलं गेलं. येताना बसमध्ये बाई इतक्या खुशीत होत्या की त्यांनी क्लीनरलाही कविता वाचून दाखवली. तो म्हणाला, "मॅडम, मला गाडी लागते वाचलेलं ऐकून." तेही नोंदलं गेलं.

पुढच्याच महिन्यात दहावीची पहिली सराव परीक्षा झाली. पेपर दुसऱ्या शाळेत तपासायला जातात आणि त्यांचे आमच्याकडे येतात. प्रश्न होता विहिरीच्या कवितेचं रसग्रहण करा, गुण चार. पेपर परत आले तेव्हा मी शिक्षकखोलीत होतो. बाईंनी गठ्ठा सोडला, पहिला पेपर पाहिला, दुसरा पाहिला, आणि खाली बसल्या.

अडतीसच्या अडतीस मुलांना शून्य होतं. कारण अडतीस मुलांनी एकच गोष्ट लिहिली होती: कवयित्रीचे निरीक्षण चुकलेले आहे. संध्याकाळी विहिरीत आभाळ दिसत नाही. आम्ही मांजरी येथे प्रत्यक्ष जाऊन खात्री केली आहे. दोघांनी पुरावा म्हणून माझं नाव दिलं होतं, "सोबत गणिताचे सरही होते." परीक्षकांनी वरच्या पेपरवर लाल शाईत विचारलं होतं, "सामूहिक कॉपी?"

मोठ्या बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. मला दोरीपुरतंच बोलावलं होतं, पण उभं राहावं लागलं दोघांना.

"बनसोडे बाई, ही दहावी आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "सहल नाही. उद्या बोर्डाच्या पेपरात हेच लिहिलं तर आपण पालकांना काय सांगणार? मामा म्हणाले म्हणून?"

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या.

"दुसरी सराव परीक्षा तीन आठवड्यांनी आहे. तोवर सरळ गाईड घ्या आणि उत्तरं लिहून द्या. मार्क आले तर दहावी तुमच्याकडे. नाही आले तर जानेवारीपासून दुसरे शिक्षक घेतील. तुम्ही सातवीला जा."

बाई शिक्षकखोलीत येऊन हेल्मेट घालून बसल्या. शाळा सुटायला अजून दोन तास होते, तरी बसल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या हेल्मेटमधून प्रश्न आला नाही. मग म्हणाल्या, "आठवीपासून माझी आहेत सर ही पोरं. आता बोर्डाच्या दारापर्यंत आणून दुसऱ्याच्या हातात द्यायची?" काचेआड त्यांचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं. ज्या हाताने दोरीचं टोक धरलं होतं तो हात मी उगीचच पँटला पुसला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच गाईड आणलं. भिंतीपलीकडून आवाज आला, "लिहा. प्रस्तुत कवितेत कवयित्रीने निसर्गाचे विलोभनीय चित्रण केलेले आहे."

एकही पेन हललं नसावं. मग ईराचा आवाज. "बाई, तुम्हाला बरं नाहीये का?"

"बरी आहे. लिहा. विलोभनीय."

"पण विलोभनीय कुणाला वाटलं? तुम्हाला?"

"गाईडला."

"गाईडच्या घरचं मत आहे का हे?"

कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग वर्गाचा बांध फुटला. बाई दटावायला गेल्या आणि स्वतःच हसायला लागल्या. माझ्या वर्गातली मुलंही हसायला लागली, त्यांना कारण माहीत नव्हतं तरी. मी फळ्यावर वर्तुळ काढत होतो, ते बटाट्यासारखं झालं.

हसणं ओसरल्यावर बाईंचा आवाज बदलला. "गाईड ठेवून दिलं मी. पण पोरांनो, शून्य मिळालंय, आणि मला वाटायला लागलंय की ते बरोबर मिळालंय. आपण मामांचं ऐकलं. या बाईचं कुणी ऐकलं? ती घागर न भरता घरी जाते. घरी बोलणी खाल्ली असतील. एवढं करून ती खोटं कशाला सांगेल? आज कविता परत घरी न्या. आणि एवढंच विचारा, हिला खरंच दिसलं असेल का?"

सायलीच्या आईचं मत आठवीपासून एकच असायचं: "मला काय कळतंय त्यातलं." दोन-अडीच वर्षं, प्रत्येक कवितेला हेच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाई फाटकातच मिळालेली सायलीची वही घेऊन हेल्मेटसकट जवळजवळ धावतच शिक्षकखोलीत आल्या आणि माझ्या प्रमेयांवर ती उघडून ठेवली. सायलीने आईचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं.

"आई म्हणाली, दादाला काय माहिती? दादा स्टार्टरपाशी उभा ऱ्हातो, बटण दाबतो आणि घरी येतो. पाण्याला मी जायचे. काठावर वाकल्याशिवाय दिसतच न्हाई. मला दिसायचं. रोज दिसायचं. माझी आई हाका मारून दमायची तरी मी बघत बसायचे. मी विचारलं, हे तू कधी बोलली नाहीस. आई म्हणाली, कुणी विचारलं व्हतं?"

बाईंनी कवितेच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "वाकून पाहिलं, असं म्हणतेय ती सर. पहिल्याच ओळीत. आणि आपण पोरांना चार हात लांब उभं केलं. दोरी कुणी धरली होती?"

"मी," मी म्हणालो.

तो माझा मोकळा तास होता. मी माझ्या वहीचं मागचं पान फाडून घेतलं. विहिरीचा उभा छेद काढला, पाण्याची रेघ काढली. प्रकाश ज्या कोनाने पाण्यावर पडतो त्याच कोनाने परततो, हे नववीचं पोरगंही सांगेल. चार हात लांब उभं राहिलं तर नजर तिरकी जाते आणि पाण्यात पलीकडची भिंत दिसते. मामा उभे राहतात तिथूनही भिंतच. पण कठड्यावरून वाकलं तर नजर जवळजवळ सरळ खाली जाते आणि सरळ वर परतते, विहिरीच्या तोंडातून बाहेर. तिथे आभाळाशिवाय दुसरं काही नाही. पंचवीस वर्षं मामा खरं बोलत होते आणि त्यांची बहीणही खरं बोलत होती. मी कागद बाईंपुढे सरकवला.

"हे काय?"

"मत," मी म्हणालो.

बाईंनी हेल्मेट काढलं आणि टेबलावर ठेवलं. मला त्या दिवशी जे वाटलं ते एखाद्या मुलाला पैकीच्या पैकी देताना कधी वाटलं नव्हतं.

पण मुलांना कागदावर विश्वास ठेवायला सांगणं बाईंना पटेना. एकदा नीट न बघता लिहून फसलो होतो. परत मांजरीला जायची परवानगी मिळणं शक्य नव्हतं. तेव्हा मला शाळेमागची जमिनीखालची पाण्याची टाकी आठवली. झाकण चांगलं अडीच फुटी. आमच्या शिपाई गायकवाडमामांनी दोनदा नाही म्हटलं आणि तिसऱ्यांदा किल्ली आणली.

डिसेंबरची संध्याकाळ, शाळा सुटलेली. टाकीच्या चारी बाजूंना चार मुलं पालथी पडलेली, त्यांचे पाय धरून आणखी चार, आणि बाकीची रांगेत. मी बाजूला उभा राहून कोन समजावतोय आणि कुणीही ऐकत नाहीये. ईरा पहिल्या चौघांत होती. ती ओरडली, "बाई! आभाळ आहे! लिटरली आभाळ आहे! आणि मी पण आहे त्यात!" दुसरा म्हणाला, "सरांचं टक्कल पण आहे!" सायलीला पाय ओढून उठवावं लागलं, एवढी ती बघत राहिली. बाई स्वतः साडी खोचून पालथ्या झाल्या आणि आतून त्यांचा आवाज घुमला, "अगं, सगळंच्या सगळं आहे गं!"

तेवढ्यात मागून विचारणा झाली, "काय चाललंय इथे?"

मोठ्या बाई होत्या. मुलं ताडकन उभी राहिली. बनसोडे बाई गुडघ्यांवर उठल्या. केसांना शेवाळ, कपाळाला माती.

"रसग्रहण," त्या म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. जबाबदार पुरुष शिक्षक म्हणून मी मान खाली घातली. त्या टाकीजवळ आल्या. बहुधा झाकण बंद करा म्हणून सांगायला आल्या असाव्यात. पण इतकी मुलं ज्यात बघत होती त्यात आपणही बघावं असं कुणालाही वाटणारच. त्यांनी चष्मा हाताने धरला आणि वाकल्या. आणि वाकलेल्याच राहिल्या. मिनिटभर तरी गेलं असेल. मग त्या सरळ झाल्या, पदर नीट केला.

"गायकवाड," त्या म्हणाल्या, "टाकी धुवायला झालीय."

एवढं बोलून त्या निघाल्या. पायऱ्यांपाशी मात्र थांबल्या आणि मान वर करून एकदा खऱ्या आभाळाकडे पाहून घेतलं. ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या सराव परीक्षेत दोन कविता दिल्या होत्या, कोणत्याही एकीचं रसग्रहण करा म्हणून. दुसरी कविता जास्त सोपी होती. तरी अडतीसच्या अडतीस जणांनी विहीर घेतली. पेपर त्याच शाळेत गेले, त्याच परीक्षकांकडे. ते परत यायला आठवडा लागला आणि त्या आठवड्यात बाईंनी डब्यातलं निम्मं मला दिलं, कारण त्यांना जेवण जात नव्हतं. मलाही फारसं जात नव्हतं, पण चटणी संपवली.

गठ्ठा आला. बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही सोडा. माझ्याच्याने सुतळी सुटत नाहीये." मी सोडला. चारपैकी तीन. साडेतीन. तीन. एकाला अडीच, त्याने माझी आकृती जशीच्या तशी काढली होती आणि कोन चुकवला होता. त्याबद्दल मी त्याला नंतर स्वतंत्र झापलं. कोणतेही दोन पेपर सारखे नव्हते. ईराने लिहिलं होतं की आम्ही आधी चुकलो, कारण आम्ही कवितेपासून चार हात लांब उभे होतो. सायलीने आईबद्दल लिहिलं होतं. घागर न भरता बघत बसण्याइतका वेळ त्या मुलीला दिवसभरात तेव्हाच मिळत असणार, म्हणून तिला संध्याकाळच आठवते, असं. तिला साडेतीन होते. अर्धा गुण का कापला ते कळलं नाही. पण समासात, जिथे परीक्षक एरवी फक्त अंक लिहितात, तिथे लाल शाईत बारीक अक्षरात दोन शब्द होते.

"मलाही दिसायचं."

बाईंनी ते वाचलं. परत वाचलं. मग त्यांनी जे केलं त्याला नाच म्हणावं की काय हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पेपर छातीशी धरून त्या टेबलाभोवती दोन फेऱ्या मारून आल्या, वाटेत इतिहासाच्या मॅडमना मिठी मारली, आणि त्यांचा धक्का लागून टेबलावरचं हेल्मेट खाली पडलं ते घरंगळत थेट मोठ्या बाईंच्या दारापर्यंत गेलं. मोठ्या बाईंनी ते उचलून आणून दिलं.

"दहावी तुमच्याकडेच," त्या म्हणाल्या. "आणि बाई, टाकीला आता दोन कुलपं लावली आहेत."

सायलीच्या आईचं त्यानंतर एकदाही "मला काय कळतंय" असं मत आलं नाही. उलट पुढच्या कवितेवर तिने दोन पानं भरून भांडण पाठवलं. बाईंनी ती दोन पानं तिच्या परवानगीने मला, इतिहासाच्या मॅडमना आणि गायकवाडमामांना वाचून दाखवली.

त्याच वर्षी एप्रिलअखेर मी निवृत्त झालो. निरोपसमारंभात सगळ्यांनी मला शाल दिली, नारळ दिला आणि माझ्याबद्दल बऱ्याच खोट्या गोष्टी सांगितल्या. बनसोडे बाईंनी फक्त एक शंभर पानी वही दिली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘सरांचं मत’. हे लिहितोय ते त्याच वहीत. पानं अजून बरीच उरली आहेत.

त्या दिवशी शाल, नारळ आणि वही मांडीवर घेऊन मी बसने घरी निघालो. कोथरूड डेपोच्या सिग्नलला बस थांबली. खिडकीतून खाली पाहिलं तर बाईंची स्कूटर होती, आणि तिला खेटून एक रिक्षा. बाई हेल्मेटमधून रिक्षावाल्याला काहीतरी सांगत होत्या. हातवाऱ्यांवरून एवढं कळत होतं की कविता होती. रिक्षावाला आधी संशयाने बघत होता. मग त्याने हँडल सोडलं, जरा विचार केला, आणि दोन्ही हातांनी हवेत एक मोठा गोल काढून त्यात वाकून दाखवलं.

सिग्नल हिरवा झाला. मागच्या सगळ्या गाड्या एकदम हॉर्न वाजवायला लागल्या, माझ्या बसचा ड्रायव्हर सगळ्यात जोरात. आणि बाई हेल्मेट काढत होत्या.